तणावग्रस्तपदी बिनविरोध

उंब्रजच्या पुलाअलीकडे हायवेला माझा भला मोठा फोटो लागला, तेव्हा मी कराडहून येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. फोटोत मी हसत होतो. डोक्यावर फेटा, गळ्यात हार आणि खाली ठळक अक्षरं : 'आमचे मार्गदर्शक मा. जिनदत्त मगदूम साहेब यांची तणावग्रस्तपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त कर्मचारी व मित्रपरिवार.' शेजारच्या बाईंनी एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मांडीवरची पिशवी उचलून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर एसटीच बदलली असती.

हे सगळं माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं मन प्रसन्न राहावं म्हणून सुरू झालं होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. नाहीतर लोकांना वाटायचं, मी आमदारकीला वगैरे उभा होतो.

उंब्रजला आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र आहे, त्याचा मी प्रमुख. घर सांगलीत, बायको गुणमाला सांगलीत आणि मी हरणाबाईंच्या माडीवर भाड्याच्या खोलीत. मुलगा जिनेश पुण्याला नोकरीला लागल्यापासून गुणमाला तिकडं एकटी आणि मी इकडं एकटा. सांगलीला बदली मागून मागून माझी जीभ झिजली. दर महिन्याला मुख्य कार्यालय म्हणायचं, 'विचार चालू आहे', आणि मी गुणमालाला सांगायचो, 'होतेय आता.' आयुष्यात मला दुसरं काही नको होतं. बदली हवी होती आणि सूर्य मावळायच्या आत घरचं गरम जेवण हवं होतं. आम्हा जैनांत दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत, आणि आमचा टँकर नेमका दिवस बुडतानाच सुटतो.

अशात एक दिवस सांगलीहून फोन आला. मुख्य कार्यालयात नवीन आलेल्या मनुष्यबळ अधिकारी प्रियदर्शनी मॅडम बोलत होत्या. आवाज गोड, त्यामुळे मी आधीच सावध झालो.

"मगदूम सर, आपण भावनिक स्वास्थ्य सप्ताह करतोय. तुमच्या केंद्राचे स्वास्थ्यदूत तुम्ही. कर्मचाऱ्यांवर कामाचा ताण येऊ नये, आलेला ओळखता यावा, एवढाच उद्देश आहे."

"मी काय करायचं?"

"फार काही नाही. प्रत्येकाला शांतपणे विचारायचं, तुम्हाला कसं वाटतंय?"

मी गारच पडलो. इतकी वर्षं नोकरी केली, पण कुणी कुणाला असलं काही विचारलेलं पाहिलं नव्हतं. आमच्याकडं 'कसं वाटतंय' हे फक्त सलाईन लावलेल्या माणसाला विचारतात, तेही शहाळं घेऊन गेल्यावर.

पण हुकूम तो हुकूम. मी टँकरचे ड्रायव्हर नाथाजी यांच्यापासून सुरुवात केली. हा गडी मिलिटरीतून निवृत्त झालेला, मिशा अजून ड्यूटीवर. मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "नाथाजी, कसं वाटतंय?"

नाथाजींनी टायरवर मारलेली लाथ मागं घेतली. चेहरा पांढराफटक. "का सायब? रिपोर्ट आलं का काय माजं?"

"कसले रिपोर्ट? मी सहज विचारतोय. काही ताण, टेन्शन?"

"आवं, बर्फात उभं राहून पहारा केलाय मी. टेन्शन आमच्या सात पिढ्यांत कुणाला झालं न्हाई."

बर्फाच्या टाकीवरचा ऑपरेटर वीरधवल तरुण पोरगा. तो हात जोडूनच उभा राहिला. "सायब, मला टेन्शन हाय असं गावात कळलं तर पोरगी कोण देईल? आदीच स्थळं येईनात." मी त्याला शब्द दिला की त्याला काही झालेलं नाही, तेव्हा त्यानं माझा हात सोडला.

राहिली पूजा. ही दुधाचं फॅट तपासणारी मुलगी. म्हणजे रोज दोन वेळा गवळ्यांच्या रांगेसमोर बसायचं, दूध तपासायचं आणि फॅट कमी लागलं की म्हशीऐवजी स्वतः शिव्या खायच्या. तिला विचारलं तर ती नेहमीसारखी हसली. "मला काय होतंय साहेब? सकाळी एवढ्या शिव्या मिळतात, नाष्टा लागत नाही." मीही हसलो आणि मनातल्या मनात तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

संध्याकाळी हरणाबाईंनाही विचारून पाहिलं, म्हटलं सराव होईल. त्या म्हणाल्या, "टेन्शन म्हंजे वायू. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोटाला शेका, सगळं निघून जातंय." हा उपाय मी मुख्य कार्यालयाला कळवला नाही. तिथल्या पोटांचा आकार बघता ओवा पुरला नसता.

मॅडमनी मग हास्ययोग सांगितला. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, हात वर करायचे आणि पोटातून मोकळं हसायचं. सगळे एकत्र सापडायचे ते संध्याकाळच्या संकलनालाच, तेव्हा आम्ही अंगणात त्याच वेळी गोल केला. उन्हाळ्याचे दिवस. हिरवा चारा नाही, म्हशी रोडावलेल्या, आणि त्या दिवशी सगळ्या रांगेचं फॅट कमी लागलेलं. बिचारे लोक हातात कॅन घेऊन तोंड पाडून उभे होते, आणि त्यांच्यासमोर दूध संघाचे नोकर हात वर करून हो हो हा हा करायला लागले.

"आमचं फॅट पडलं म्हणून हसताय व्हय रं?" रांगेतल्या बनुबाई ओरडल्या. "माजी म्हस वाळून चालली आन् ह्यास्नी हसू फुटतंय!"

मी खुलासा करायला पुढं गेलो तो कॅनचं एक झाकण येऊन माझ्या गुडघ्यावर बसलं. दुसरं चुकवताना मी नाथाजींच्या कवेत गेलो. कुणीतरी गेट लावून घेतलं. नाथाजी बर्फातला अनुभव विसरून टँकरखाली शिरले. शेवटी पूजा उठली, रांगेत गेली, बनुबाईंचा हात धरून तिनं काहीतरी सांगितलं, स्वतः हसली, त्यांना हसवलं आणि परत जाग्यावर येऊन बसली. मी लंगडत आत गेलो आणि म्हणालो, "या मुलीला ताण म्हणजे काय ते माहीतच नाही."

हे वाक्य मी अगदी कौतुकानं म्हणालो होतो.

सप्ताह संपला आणि मॅडमचा फोन आला. माझ्या मोबाईलचा कानाशी यायचा आवाज गेलाय, त्यामुळे तो कायम स्पीकरवर असतो. त्या वेळी नाथाजी गेटपासवर सही घ्यायला टेबलासमोर उभे होते. मी अभिमानानं सांगितलं, "मॅडम, आमच्या केंद्रात एकालाही ताण नाही."

"असं कसं सर? प्रत्येक केंद्रातून एक नाव यायलाच हवं. त्या कर्मचाऱ्याला आपण वाईला कृष्णाकाठी शिबिराला पाठवणार आहोत. शिवाय त्याला हव्या त्या गावी बदली द्यायचं संचालक मंडळानं मान्य केलंय."

नाथाजींनी सही न घेताच पाठ वळवली. चहा यायच्या आत अख्खं केंद्र तणावाखाली आलं होतं.

सगळ्यात आधी नाथाजीच परत आले. खुर्ची ओढून, डोक्याला हात लावून बसले. "सायब, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला लय टेन्शन हाय. त्या बर्फाचंच हाय. तवा कळलं न्हाई, आता वितळाय लागलंय." त्यांना त्यांच्या सासुरवाडीजवळचं केंद्र हवं होतं. पाठोपाठ वीरधवल आला. रात्र रात्र झोप नाही म्हणाला. त्याला कराड हवं होतं.

"अरे, पण तुला पोरगी कोण देणार?"

"कराडात नोकरी हाय म्हटल्यावर टेन्शनसकट देत्यात सायब."

खरं सांगतो, मलाही मोह झाला. हवं ते गाव म्हणजे सांगली! पण स्वास्थ्यदूतानं स्वतःचंच नाव धाडायचं म्हणजे वाढप्यानं आधी स्वतःचं ताट भरून घेण्यासारखं. मी माझं नाव घातलं नाही. प्रतिष्ठा ही चीज फार वाईट, ती माणसाला सांगलीपर्यंत जाऊ देत नाही.

आता जागा एक आणि इच्छुक दोन. आमच्या भागात अशा वेळी चिठ्ठ्या टाकत नाहीत की डॉक्टरला विचारत नाहीत. आमच्याकडं पॅनेल पडतं. सोसायटी म्हणू नका, पाणीपुरवठा म्हणू नका, भजनी मंडळाचा टाळ कुणी धरायचा इथपर्यंत आम्ही निवडणुकीनं ठरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या भिंतीवर 'जय जवान तणाव पॅनेल' आणि 'युवा तणाव परिवर्तन पॅनेल' असे दोन कागद चिकटलेले होते.

"अहो, हे पद नाही!" मी ओरडलो. "हे एक प्रकारचं आजारपण आहे!"

"पद काय आन् आजार काय सायब," नाथाजी म्हणाले, "निवडून आल्याबिगर मान न्हाई."

निवडणूक म्हटली की निर्णय अधिकारी आला. दोन्ही गटांनी एकमुखानं पूजाचं नाव सुचवलं. तिला कसलंच टेन्शन नाही, म्हणून ती निःपक्षपाती. मलाही ते पटलं. ती मात्र दाराशी घुटमळली. "साहेब, मला जरा बोलायचं होतं."

"आधी चिन्हं वाटून घे," मी म्हणालो. "मग बोलू."

चिन्हं वाटली गेली. नाथाजींना कॅन, वीरधवलला पंखा. प्रचार असा रंगला की मी सुन्न झालो. नाथाजी बुटाची नाडी न बांधता हिंडायला लागले. वीरधवलनं दाढी सोडली. गवळ्यांना मत नव्हतं, तरी त्यांनीही बाजू घेतल्या, आणि कॅन पॅनेलचे लोक पंखा पॅनेलच्या रांगेत उभे राहिनात. संकलनाचा पार बोऱ्या वाजला. एके दिवशी कोपरासभेमुळं टँकर इतका उशिरा सुटला की सगळं दूध नासलं. आम्ही गोठ्याच्या वासात उभे, आणि वीरधवल स्टुलावर चढून सांगतोय, "ज्यांला गाढ झोप लागती ते तुमचं काय प्रतिनिधित्व करणार? विरोधी उमेदवार काल दुपारी टँकरमधी घोरत होता. माज्याकडं व्हिडिओ हाय!" त्यावर नाथाजींचे समर्थक धावून गेले आणि व्हिडिओसकट मोबाईल दुधाच्या कॅनमध्ये पडला.

आता पोलीस येणार, मग पेपरात येणार, मग माझी बदली थेट एखाद्या डोंगरावर, असं चित्र मला दिसायला लागलं. शेवटी अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी माझ्या केबिनमध्ये बसली. गावाची शोभा नको, एकमतानं काय ते करा, असं ठरलं. एकमतासाठी सर्वमान्य माणूस लागतो. सगळ्यांची नजर हळूहळू माझ्याकडं वळली.

"सायबांकडं बघा की," नाथाजी म्हणाले. "डोक्यावर केस ऱ्हायलं न्हाईत. मालकीण सांगलीला. खोलीवर जाऊन एकटंच बसत्यात. दिवस बुडायच्या आत जेवायचं, आन् आमचा टँकर कवा येळंवर सुटत न्हाई, म्हून आटवड्यातनं चार दिस उपाशी निजत्यात. ह्यांच्यापरीस तणावग्रस्त कोण हाय, सांगा."

मला धक्का बसला तो नाव सुचवल्याचा नव्हे. माझ्या उपाशी झोपण्याचा हिशेब हे लोक ठेवत होते, याचा. मी 'नको, नको' म्हणालो, पण मान हार घालून घ्यायला वाकते तशी वाकवून म्हणालो. सगळ्यांना कळलं.

पुढचं मला नीटसं आठवत नाही. कुणीतरी जेसीबी आणला. त्याच्या बकेटमधून गुलाल पडला आणि मी निम्मा झाकला गेलो. हलगी वाजली. पूजानं रीतसर घोषणा केली आणि हसून मला पुष्पगुच्छ दिला. मिरवणूक चालू असतानाच दिवस बुडाला, त्यामुळे तणावग्रस्तपदाची पहिली रात्रही मी उपाशीच काढली.

दोन दिवसांनी तो फ्लेक्स. त्याचा फोटो माझ्या आधी सांगलीत पोचला. चुलत मेहुण्यानं फोन करून माझी जन्मतारीख विचारली, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे का ते त्याला बघायचं होतं. जिनेशनं पुण्याहून मोठ्या आणि सुट्या सुट्या शब्दांत विचारलं, "पप्पा, जेवलात का?" आणि गुणमालानं फोनच केला नाही. ती सरळ पहिली गाडी धरून आली.

मी तेव्हा नासक्या दुधाचा खुलासा करण्यात गुंतलो होतो. गुणमाला केंद्रावर आल्याचं कळलं म्हणून आलो तर केबिन रिकामी. तपासणीच्या खोलीत गेलो आणि दारातच खिळलो. पूजा गुणमालाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडत होती. सदा हसणारी पूजा! मला वाटलं, माझीच काहीतरी बातमी आली असावी.

"काय ओ," गुणमाला माझ्याकडं न बघता म्हणाली, "हिची पोरगी तासगावला सासूजवळ असते, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"होतं की. मग?"

"परवा फोनवर ती हिला 'काकू' म्हणाली."

पूजानं पदरानं डोळे पुसले. "तिचं काय चुकलं? बघतीय कुठं ती मला? बदलीचं ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, आपणही नाव द्यावं. म्हणून बोलायला आले होते साहेब. तुम्ही म्हणालात, आधी चिन्हं वाटून घे. निर्णय अधिकाऱ्याला उभं राहता येत नाही."

माझ्या मागं नाथाजी आणि वीरधवल येऊन उभे होते. नाथाजींनी टोपी काढली. "पोरी, एक शब्द बोलायचा न्हाईस व्हय?"

"तुम्ही सगळे एवढ्या मोठ्यानं टेन्शनमध्ये होता काका. माझं कुणाला ऐकू गेलं असतं?"

मी आजवर बऱ्याच वेळा खजील झालोय, पण तेव्हा वाटलं तसं कधी वाटलं नाही. केंद्राच्या ताणाचा शोध घेण्यासाठी मला नेमलं होतं आणि मी तो ताण टेबल टाकून चिन्हं वाटायला बसवला होता. वीरधवल जमिनीकडं बघत दाढी खाजवत राहिला.

मी लगेच मॅडमना फोन लावला. स्पीकर चालूच. "मॅडम, माझं नाव मागं घ्या. पूजा यांचं घाला."

"सर, तुमचं नाव संचालक मंडळापुढं मंजूर झालं. आता तुम्हाला ताण नाही असं ठरवता येणार नाही. ते शिबिरानंतरच ठरतं."

"पण मला नाहीच आहे!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात सर."

मी हताश होऊन सगळ्यांकडं पाहिलं. नाथाजी पुढं वाकले आणि फोनमध्ये म्हणाले, "मॅडम, सायब निवडून आल्यात ते ऱ्हाऊ द्या. पोरीला स्वीकृत घ्या."

'स्वीकृत' हा शब्द सहकारात कुणाला मोडता येत नाही. निवडून आलेले असतात तसे मागच्या दारानं घेतलेले स्वीकृतही असतात, आणि त्यांना कुणी का म्हणून विचारत नाही. मॅडम सहकारात नवीन होत्या, तरी त्या शब्दाचा दाब त्यांना जाणवला असावा. "बदली मात्र एकालाच मिळेल," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी कुणाची, ते तुम्ही सांगा."

मी गुणमालाकडं बघू शकलो नाही. भिंतीकडं बघत म्हणालो, "शिबिराला मी जातो. बदली हिची करा. तासगाव."

गुणमालानं हात पुढं केला आणि माझ्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली.

वाईच्या शिबिराबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डोळे मिटून आवडतं ठिकाण बघायला सांगितलं, मी सांगलीचं घर बघितलं आणि घोरलो. परत आलो तर हरणाबाईंच्या माडीवर दिव्यापाशी रांगोळी, दारात गुणमालाच्या चपला आणि आत भाकरीचा वास. सांगलीचं घर बंद करून ती आली होती.

"तुमची बदली व्हायला अर्ज लागतो," ती म्हणाली. "मला एसटीचं तिकीट पुरतं. हे आपल्या दोघांच्या डोक्यात इतके दिवस कसं आलं नाही?"

'होतेय बदली, होतेय बदली' म्हणत आम्ही दोघंही जाग्यावर बसून राहिलो होतो. मला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही थोडं थोडं झालं.

पूजा तासगावला रुजू झाली. तिचा फोन आला. पोरगी पहिले काही दिवस आजीच्या मागं लपायची, म्हणाली. आता वेणी घालायला हिच्यापुढं येऊन बसते. फॅटवरून शिव्या तिकडंही आहेतच, पण आता नाष्टा लागतो. नाथाजी हल्ली टँकर वेळेच्या आधी सोडतात आणि जाताना खिडकीतून ओरडतात, "सायब, जेवा!" माझा फ्लेक्स बनुबाईंनी काढून नेला. त्यांच्या म्हशीवर ऊन येत होतं. आता ती म्हैस माझ्या हसऱ्या चेहऱ्याखाली निवांत रवंथ करत बसते, आणि तिचं फॅट वाढलं असं बनुबाई शपथेवर सांगतात.

इथंच हे संपलं असतं. पण काल दुपारी खोलीवर जेवायला आलो आणि पुन्हा फोन वाजला.

"अभिनंदन सर!" प्रियदर्शनी मॅडम होत्या. "तो तुमचा फ्लेक्स कुणीतरी अध्यक्षांना दाखवला. त्यांना फार वाईट वाटलं. खास बाब म्हणून तुमची सांगलीला बदली झाली."

ज्या शब्दासाठी मी एवढी वर्षं झुरलो, तो शब्द आला होता, आणि मला घाम फुटला होता. मी वळून पाहिलं. गुणमाला बरणीत कैरीचं लोणचं घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी आत्ताच लोणचं घातलंय," ती म्हणाली. "मुरल्याशिवाय बरणी हलवत नाहीत. सांगा त्यांना."

"मॅडम," मी म्हणालो, "ही बदली रद्द करता येईल का?"

"रद्द? त्याला कारण लागेल सर. काय लिहू? ताण?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "खरं सांगा सर, आता तुम्हाला कसं वाटतंय?"

स्पीकर चालू होता. गुणमाला पळी हातात धरून उत्तराची वाट बघत थांबली होती. खिडकीबाहेर ऊन अजून बरंच शिल्लक होतं आणि माझं ताट वाढून ठेवलेलं होतं.

"बरं वाटतंय मॅडम," मी म्हणालो. "तेवढंच कारण लिहा."